कऱ्हेच्या कांठचे मयूर पंडित

पुण्याहून आग्नेयेकडे सुमारें साठ मैल गेलें म्हणजे बारामती लागते, आणि तेथून पूर्वेस आणखी तीस मैलांवर इंदापूर. या प्रदेशास उत्तरेकडून भीमा व दक्षिणेकडून नीरा अशा दोन नद्यांनीं कवेंत घेतलें आहे, आणि पूर्वेच्या टोंकास नृसिंहपुराजवळ त्या एकमेकींस भेटतात. या दोघी मोठ्या बहिणींच्या मधून एक धाकटी नदी वाहते, ती कऱ्हा. पुरंदराच्या डोंगरांत ती उगम पावते. सासवड, जेजुरी, मोरगांव हीं गांवें पहात पहात बारामतीस येते. आणि सोनगांवापाशीं नीरेस मिळून आपलें नांव टाकून देते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसावी, अशी ही नदी. तिच्या कांठीं मोठी राजधानी झाली नाहीं, कीं एखादें मोठें विद्यापीठ नांदलें नाहीं. तरी पण मराठी भाषेंतील सर्वांत मोठा ग्रंथसंभार ज्या थोड्या कवींनीं निर्माण केला, त्यांपैकीं एकानें आपल्या आयुष्याचीं चाळीसांहून अधिक वर्षें याच नदीच्या कांठीं घालविलीं. मोरोपंत रामचंद्र पराडकर, अथवा मयूर पंडित, हें त्यांचें नांव. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचीं घरें याच कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यांत आहेत. म्हणून पंतांचें चरित्र सांगतां सांगतां या भूमीचीहि थोडी ओळख करून द्यावी, असें आम्ही योजिलें आहे.

ही भूमि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येते. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर धोधो कोसळणारे ढग येथवर येईपर्यंत रिते होतात, आणि वर्षाकांठीं सुमारें वीस इंच पाऊस पडला तर कुणबी समाधान मानतो. नदीकांठची काळी जमीन सोडली तर बाकीचें रान माळाचें. बाजरी व ज्वारी हेंच तेथलें मुख्य धान्य. आज बारामतीच्या आसपास उंसाचे मळे दिसतात. परंतु ते १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर काढलेल्या नीरेच्या डाव्या कालव्याचें फळ आहे. आणि १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ वालचंदनगर वसलें, तेंहि त्यानंतरचें. पुढें १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें होऊन भीमेच्या कांठचीं किती तरी गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ त्यांतलेंच. पाणी फार खालीं गेलें म्हणजे अजूनहि तें डोकें वर काढतें. पंतांच्या काळीं यांतलें कांहींच नव्हतें. त्यांच्या डोळ्यांपुढें जो मुलूख होता, तो आभाळाकडे तोंड करून पावसाची वाट पाहणारा होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. केकावलीकडे वळूं तेव्हां याची आठवण होईल.

इतिहास या मुलखास नवा नाहीं. पुणें व सुपें हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींत होते. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजी राजे यांचा अंत इंदुपुरीं, म्हणजे आजच्या इंदापुरीं, लढाईंत झाला असें बखरी सांगतात, आणि त्यांची गढी म्हणून एक जागा इंदापुरांत दाखवितात. सुप्यास शहाजी राजांच्या वतीनें संभाजी मोहिते अंमल करीत असे. १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं त्यास पकडून तें ठाणें आपल्या हातीं घेतलें. भीमेच्या थडीचा म्हणून या बाजूस भीमथडी असें नांव पडलें. येथील बुटक्या पण काटक तट्टांवर बसून मराठ्यांचे स्वार दूरदूरचे मुलूख तुडवून आले, आणि भीमथडीचें तट्टू हा शब्द भाषेंत कायमचा राहिला. हत्ती-घोड्यांची आणि खंडणीची ही भूमि. येथें कवि कसा रुजला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर एका सावकाराच्या वाड्यांत सांपडतें.

या सावकाराचें नांव सदाशिव नाईक जोशी. पण लोक त्यांस बाबूजी नाईक बारामतीकर म्हणून ओळखत. त्या काळीं मोहिमा कर्जावर चालत. फौज निघावयाची तर आधीं शिबंदीचा पगार पाहिजे, आणि तो सावकाराच्या पेढीवरून यावयाचा. नाईकांच्या घराण्याचें वजन यामुळें फार मोठें होतें. बाबूजींचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिली होती, म्हणजे थोरले बाजीराव हे या घराचे सोयरेच. परंतु सोयरीक निराळी व हिशेब निराळा. बाजीरावांच्या डोक्यावर नाईकांचें मोठें देणें होतें, आणि त्याचा तगादा त्यांस शेवटपर्यंत पुरला. १७४० च्या एप्रिलांत बाजीराव वारले, तेव्हां नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं पेशवाईचीं वस्त्रें बाबूजी नाईकांस मिळावींत म्हणून खटपट केली. शाहू महाराजांनीं ती मानली नाहीं. वस्त्रें बाळाजी बाजीरावांस झालीं. पुढें नाईकांनीं कर्नाटकाचें काम अंगावर घेतलें, पण त्यांत यश आलें नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत बाबूजी नाईकांची गोष्ट बहुधा येथेंच संपते. पेशवाई हातची गेलेला सावकार, इतकेंच त्यांचें चित्र मुलांच्या मनांत राहतें. आम्हांस मात्र वाटतें कीं, हें चित्र अपुरें आहे. नाईक साताऱ्यास पेशवे होऊन बसते तर त्यांचें लक्ष बारामतीच्या वाड्याकडे किती राहिलें असतें, आणि पन्हाळ्याहून आलेल्या एका कारकुनाच्या मुलास तेथें स्वस्थपणें पोथ्या उघडून बसतां आलें असतें कीं नाहीं, कोण सांगणार? कऱ्हेकांठीं नाईकांचा तो वाडा आजहि उभा आहे.

हा कारकुनाचा मुलगा म्हणजे आमचे मोरोपंत. पराडकरांचें मूळ घराणें कोंकणांतील राजापुराकडच्या सौंदळ गांवचें. पंतांचे वडील रामाजीपंत कोल्हापूरकरांच्या चाकरींत पन्हाळगडावर होते, आणि तेथेंच १७२९ मध्यें मोरोपंतांचा जन्म झाला. आईचें नांव लक्ष्मीबाई. आयुष्यांतलीं पहिलीं चोवीस वर्षें पंत गडावर राहिले. पन्हाळा म्हणजे पावसाचें, धुक्याचें व हिरव्या गवताचें ठिकाण. बारामतीच्या अगदीं उलट. तेथें केशव पाध्ये व गणेश पाध्ये हे विद्वान् बंधु होते. त्यांच्यापाशीं बसून पंतांनीं संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकारशास्त्र व वेदान्त यांचें अध्ययन केलें. त्या काळच्या अध्ययनाची रीत आजच्या मुलांस कठोर वाटेल. छापील पुस्तक नाहीं, फळा नाहीं, परीक्षेचा कागद नाहीं. गुरूनें म्हणावें व शिष्यानें पाठ करावें, आणि जें पाठ झालें नाहीं तें आलें नाहीं असें समजावें. पण या रीतीनें शब्दांचें जें भांडार पंतांच्या जिव्हाग्रीं येऊन बसलें, तें पुढें जन्मभर आटलें नाहीं. एका शब्दाबद्दल दहा पर्याय हवे असले तर त्यांस कोश उघडावा लागत नव्हता.

पुढें रामाजीपंत पोटाच्या उद्योगासाठीं नाईकांकडे बारामतीस गेले, आणि त्यांच्या मागोमाग १७५२ च्या सुमारास पंतहि गेले. नाईकांनीं या तरुण पंडिताची योग्यता ओळखली व त्यास पुराणिक म्हणून आश्रय दिला. पुराणिकाचें काम काय असतें, हें आतां समजावून सांगावें लागतें. व्यासपीठावर पोथी ठेवून त्यानें संस्कृत श्लोक म्हणावा, त्याचा अर्थ मराठींत उलगडावा, आणि ऐकणारांचें मन धरून ठेवावें. ऐकणारे सगळेच शास्त्री नसत. वाड्यांतल्या बायका, पेढीवरचे कारकून, कामासाठीं आलेला कुणबी, वाटसरू, असे सगळ्या प्रकारचे लोक. ज्या पुराणिकाचा शब्द अंगणाच्या टोंकास बसलेल्या म्हातारीपर्यंत पोंचत नाहीं, त्याचें पुराण ओस पडतें. मोरोपंतांची मराठी संस्कृत शब्दांनीं जडावलेली आहे ही तक्रार सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच कवीचा दररोजचा धंदा संस्कृत सोडवून लोकांस सांगण्याचा होता, ही गोष्ट तक्रार करणारे बहुधा विसरतात. महाभारतांतले प्रसंग त्यांनीं आपल्या काव्यांत जेथें जेथें नाट्यानें भरले आहेत, कर्णाचें व शल्याचें भांडण, द्रौपदीचा सभेंतला आक्रोश, उत्तराची रणांगणावरची फजिती, तेथें तेथें समोर श्रोते बसविलेला पुराणिक बोलत आहे हें स्पष्ट ऐकूं येतें.

आर्याभारत हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. संस्कृत महाभारत सुमारें एक लाख श्लोकांचें. पंतांनीं तें सुमारें सतरा हजार आर्यांत आणिलें. अठरा पर्वांपैकीं एकहि त्यांनीं सोडलें नाहीं. मराठींत तोंवर ओवी ही मोठ्या ग्रंथाची भाषा होती. ओवी सैल, ऐसपैस. तींत पाय पसरून बसतां येतें. आर्या ही मात्र मोजून मापून घेतलेली जागा. पंतांची आर्या शास्त्राप्रमाणें पाहूं गेल्यास बहुतेक ठिकाणीं गीति आहे. तिच्या प्रत्येक अर्धांत बारा व अठरा मिळून तीस मात्रा येतात. या साठ मात्रांत प्रसंग सांगावयाचा, बोलणाराचा स्वभाव दाखवावयाचा, अलंकार साधावयाचा आणि शेवटीं यमकहि जुळवावयाचें. एखादी कडी अशी घडविणें कठीण नाहीं. सतरा हजार घडविणें हें मात्र निराळें काम आहे. आणि हा त्यांचा एकच ग्रंथ झाला. कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश, निरनिराळीं आख्यानें व स्तोत्रें, सगळें धरून त्यांची कविता पाऊण लाखाच्या घरांत जाते असें मोजणारे मोजतात. ओवी म्हटली कीं ज्ञानेश्वर, अभंग म्हटला कीं तुकाराम, श्लोक म्हटला कीं वामन पंडित, तशी आर्या म्हटली कीं मोरोपंत, असें महाराष्ट्रानें एकदां ठरवून टाकलें आहे, आणि तो निकाल अजून कोणी फिरविलेला नाहीं.

रामायणाचा त्यांचा छंद तर विलक्षणच. एक रामायण लिहून त्यांचें समाधान झालें नाहीं. एकशें आठ रामायणें त्यांनीं रचिलीं असें सांगतात, व त्यांपैकीं बहुतेक उपलब्ध आहेत. कोणतें एखाद्या वृत्ताच्या नांवाचें, जसें विद्युन्माला रामायण. कोणतें एखाद्या युक्तीवर उभारलेलें. दामरामायणांत एका पद्याच्या शेवटीं जीं अक्षरें येतात, त्यांनींच पुढच्या पद्याचा आरंभ होतो, आणि अशी सबंध कथेची सांखळी होते. मंत्ररामायणांत राममंत्राचीं तेरा अक्षरें पद्यांमधून गुंफिलेलीं आहेत. सर्वांत गंमतीचें तें निरोष्ठ रामायण. तें म्हणतांना ओंठास ओंठ लागावयाचा नाहीं. प, फ, ब, भ, म हीं अक्षरें वर्ज्य. आतां विचार करा, म वर्ज्य झाला म्हणजे राम हें नांवच उच्चारतां येईना! ज्याची कथा सांगावयाची त्याचेंच नांव घेण्यास बंदी, आणि तरी कथा सांगून पुरी करावयाची. आमच्या वर्गांत आम्ही हा नियम घालून मुलांस आपल्या गांवाविषयीं चार वाक्यें बोलावयास सांगतों. पहिल्याच वाक्यांत हंशा पिकतो. कारण बारामती म्हणावें तर ब आणि म आडवे येतात, इंदापूर म्हणावें तर प, आणि भीमा म्हणावें तर दोन्ही अक्षरें निषिद्ध. मोरोपंतांचें स्वतःचें नांवहि त्या रामायणांत बसत नाहीं. पालकांनीं संध्याकाळीं घरीं हा खेळ खेळून पाहावा. मराठीच्या तासाला न येणारी पुष्कळशी शब्दसंपत्ति त्यांतून बाहेर येते.

या कसरतीमुळेंच पंतांवर टीकाहि फार झाली. हा कवि नव्हे, हा शब्दांचा कारागीर; येथें हृदय नाहीं, केवळ बुद्धि आहे; असें म्हणणारे गेल्या दीडशें वर्षांत अनेक निघाले. उलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं आपल्या निबंधमालेंतून पंतांची बाजू हिरीरीनें मांडली. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांत थोडें थोडें खरें आहे. यमकासाठीं ओढून आणलेला शब्द, अर्थ लागण्यासाठीं तीन वेळां वाचावी लागणारी ओळ, हे दोष पंतांत आहेत, आणि ते नाहींत असें म्हणून मुलांची समजूत काढण्यांत अर्थ नाहीं. शाळेंत आर्येचा अन्वय लावतांना मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या उगाच नव्हेत. परंतु रामायणांच्या युक्त्या पाहून सबंध कवीची पारख करणें म्हणजे एखाद्या पहिलवानाची तालीम पाहून त्याची कुस्ती पाहण्यापूर्वींच उठून जाणें होय.

त्यांची कुस्ती पाहावयाची तर त्या काळाकडेहि पाहिलें पाहिजे. पंत बारामतीस आले तेव्हां पेशवाईचा सूर्य चढत होता. ते बत्तीस वर्षांचे असतांना, १७६१ मध्यें, पानिपत झालें. कऱ्हा-भीमेच्या कांठचे किती स्वार त्या रणांत पडले असतील! त्याच वर्षीं नानासाहेब पेशवे वारले. १७७२ मध्यें थोरले माधवराव गेले. पुढच्याच वर्षीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला. मग बारभाईंचें कारस्थान, इंग्रजांशीं लढाया, १७७९ चें वडगांव आणि १७८२ चा सालबाईचा तह. हें सगळें बारामतीपासून कांहीं फार दूर नव्हतें. नाईकांच्या पेढीवर या प्रत्येक घटनेचा परिणाम होत असणार, आणि पेढीच्या आश्रयानें राहणाऱ्या घरांतील चुलीवरहि. तरी पंतांनीं समकालीन राजकारणावर ग्रंथ रचिला नाहीं. भाऊबंदकीनें राज्य कसें बुडतें तें सांगावयास त्यांस शनिवारवाडा लागला नाहीं. कौरव-पांडव पुरेसे होते. पेशवाईंतल्या श्रोत्यांनीं धृतराष्ट्राच्या घरचा तो कलह ऐकतांना मनांत कोणाकोणाचीं नांवें घेतलीं असतील, तें त्यांचें त्यांस ठाऊक.

मनुष्यस्तुतीविषयीं ते अगदींच मुके होते असेंहि नाहीं. अहिल्याबाई होळकरांची पुण्याई त्यांनीं आर्यांत गाइली आहे. ती बाई दूर महेश्वरास. तिच्या कीर्तीपुढें पंतांनीं मान लवविली, यांत लाचारी दिसत नाहीं. पण ज्यांच्या अन्नावर ते जगत होते, त्या नाईकांचें वर्णन हाच विषय करून त्यांनीं आपली प्रतिभा खर्ची घातली नाहीं. आश्रय सावकाराचा आणि ग्रंथ रामाचा, असा त्यांचा व्यवहार होता. आश्रितानें धन्याचे पोवाडे गावेत अशी त्या काळची सर्वसाधारण रीत असतां, हें त्यांस साधलें याचें थोडें श्रेय त्या सावकारासहि दिलें पाहिजे. बाबूजी नाईकांनीं आपल्या नांवाचें काव्य मागितलें असतें तर नाहीं म्हणणें पंतांस किती जड गेलें असतें!

उतारवयांत मात्र कवीचें मन स्वतःकडे वळलें. संशयरत्नमाला हें त्यांचें एक छोटें काव्य आहे. देव आपल्या हांकेस ओ कां देत नाहीं, याविषयीं भक्ताच्या मनांत ज्या ज्या शंका येतात, त्यांची ती माळ. आणि त्यानंतर केकावली. केका म्हणजे मोराचें ओरडणें. मयूर हें पंतांचें कविनाम. म्हणून आपल्या आर्त हांकेस त्यांनीं हें नांव दिलें. मोर कोणास हांक मारतो? मेघाला. ज्या मुलखांत ढग दिसला म्हणजे शेतकरी कपाळावर हात धरून वर पाहतो, त्या मुलखांत बसून एका वृद्ध कवीनें देवास मेघ व स्वतःस मोर म्हटलें, हें केवळ संस्कृत काव्यांतून उचललेलें अलंकरण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. याच कऱ्हेवर, बारामतीच्या वरच्या अंगास, मयूरेश्वराचें मोरगांव आहे, हाहि एक योगायोग लक्षांत घेण्यासारखा. केकावलींत आर्या नाहीं. पृथ्वी वृत्तांतले सव्वाशेंच्या आंतबाहेर श्लोक आहेत. येथें यमकांचा खणखणाट मागें पडतो. मी अपराधी आहें, पण तूं दयाळु आहेस. मग उशीर कां? असा एकच धागा निरनिराळ्या बाजूंनीं ओढला जातो. मध्येंच कवि रुसतो, मध्येंच देवास पेंचांत पकडतो, पुन्हां पायांवर पडतो. ज्यांस पंतांत हृदय सांपडलें नाहीं, त्यांनीं केकावली वाचली नसावी, किंवा परीक्षेपुरतीच वाचली असावी.

बायकांसाठींहि त्यांनीं लिहिलें. सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीहरणगीत हीं गीतें घरांतल्या स्त्रियांनीं म्हणावींत म्हणूनच रचलेलीं, आणि त्यांची भाषा इतकी सोपी आहे कीं आर्याभारत व हीं गीतें एकाच हाताचीं आहेत हें सांगावें लागतें. ज्या काळीं मुलींच्या हातीं पाटी देण्याचीहि चाल नव्हती, त्या काळीं या गीतांनीं पुष्कळ घरांत पाठशाळेचें काम केलें असेल.

उतारवयांत पंत काशीयात्रा करून आले. तो प्रवास महिनोन् महिने चाले, व परत येण्याची खात्री देतां येत नसे. पंत परत बारामतीस आले. पुण्याचा दरबार अवघा तीनचार मजलांवर, पण त्यांनीं तिकडे बिऱ्हाड हलविलें नाहीं. त्यांची कीर्ति मात्र त्यांच्यापेक्षां जास्त हिंडली. सोलापूरचा शाहीर रामजोशी पंतांच्या काव्यानें वेडावला. तमाशाचा फड सोडून त्यानें कीर्तनाची वाट धरली ती पंतांच्या प्रभावानें, असें सांगतात. आणि हें तर निश्चित कीं, पंतांच्या आर्या कीर्तनांत रंगवून गाऊन त्यानें त्या गांवोगांव नेल्या. पंडिताची कविता शाहिराच्या गळ्यांतून लोकांपर्यंत पोंचली. डफ-तुणतुण्यावर वाढलेला माणूस आणि व्याकरणावर वाढलेला माणूस, यांचें एकमेकांवांचून अडलें होतें, हें पाहून आम्हांस नेहमीं मौज वाटते.

१७९४ च्या चैत्रांत रामनवमी उलटून आठवडाहि झाला नव्हता, तोंच पौर्णिमेस, म्हणजे एप्रिलच्या १५ तारखेस, बारामतींतच मोरोपंतांचा अंत झाला. त्या वेळीं ते पासष्ट वर्षांच्या घरांत होते.

त्यानंतर आठच वर्षांनीं, १८०२ च्या ऑक्टोबरांत, यशवंतराव होळकरांच्या फौजेनें बारामतीजवळच पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, आणि त्याच महिन्यांत हडपसरास पुणें दरबाराचा पुरता पराभव झाला. होळकर-शिंद्यांच्या त्या धुमाळींत व १८०३-०४ च्या दुष्काळांत या मुलखांतलीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १८१८ मध्यें पेशवाई गेली. सावकारांच्या पेढ्या, पुराणिकांचीं व्यासपीठें, सगळेंच विस्कटलें. हस्तलिखित ग्रंथांस अशा वेळीं वाली नसतो. वाळवी, पाऊस व आग यांपैकीं एकास तरी ते बळी पडतात. पंतांचे ग्रंथ वांचले, याचें कारण ते अनेक घरीं उतरून घेतलेले होते, आणि हरदासांच्या तोंडीं होते. १८५४ मध्यें परशुरामतात्या गोडबोल्यांनीं नवनीत हें काव्यवेंच्यांचें पुस्तक छापून काढलें. त्यांत पंतांचे वेंचे मोठ्या प्रमाणावर आले, आणि तेथून पंत शाळेंत शिरले. पुढें जनार्दन बाळाजी मोडक व वामन दाजी ओक यांच्या काव्यसंग्रहांतून त्यांचे ग्रंथ एकामागून एक छापले गेले. १९०८ मध्यें लक्ष्मण रामचंद्र पांगारकरांनीं त्यांचें विस्तृत चरित्र लिहिलें. ज्या विद्यार्थ्यांस या लेखापेक्षां अधिक हवें असेल, त्यांनीं वाचनालयांतून तें काढावें; भाषा जुनी आहे, पण माहिती भरपूर आहे.

आणि सुटींत ज्यांस बारामतीस जाण्याचा योग येईल, त्यांनीं नाईकांचा वाडा पाहून नदीकडे उतरावें. केकावलीचें पुस्तक बरोबर असल्यास वाळूंत बसून तिचे पांचसहा श्लोक मोठ्यानें म्हणावे. पृथ्वी वृत्ताचा यति आठव्या अक्षरावर येतो; तेथें थांबल्यावांचून पुढें जाऊं नये.